तार बदलली की गिटार खरखरते: गेजचा घोळ अन् नागपूरची हवा

मागच्या मे महिन्यात, भर दुपारी दोनला, मानेवाड्याहून एक पोरगा ॲक्टिव्हावर गिटार घेऊन आला. कव्हर नाही. गिटार चादरीत गुंडाळलेली, वरून दुपट्ट्याची गाठ. आल्या आल्या म्हणाला, "सर, चौथा सेट टाकून पाहिला. खरखर जातच नाही."

चादर सोडली. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार मोकळी छेडली, स्वच्छ. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या दांडीवरच्या) पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीवर दाबली, झर्रर्र. दुसऱ्यावर झर्रर्र. चौथ्यावर थोडी कमी. नवव्यावर एकदम साफ. मग नजर तिसऱ्या तारेवर गेली अन् अर्धं निदान तिथंच झालं. अकूस्टिक गिटारची तिसरी तार गुंडाळीची असते, नख फिरवलं तर करकरते. याची तिसरी तार गुळगुळीत होती.

"कोणता सेट आहे हा?"

"नाइनचा. इलेक्ट्रिकवाला. बोटं लय दुखून राहिले होते ना सर."

खोदून विचारलं तेव्हा सगळी साखळी बाहेर आली. गिटार घेतली तेव्हा तिच्यावर बाराचा सेट होता. बोटं दुखली म्हणून अकराचा टाकला. थोडी खरखर सुरू झाली. त्याला वाटलं माल हलका लागला, म्हणून दुसऱ्या कंपनीचा सेट आणला, तो दहाचा. खरखर वाढली अन् बोटं दुखायची ती दुखतच राहिली. मग कुणीतरी सांगितलं की इलेक्ट्रिकच्या नऊच्या तारा लोण्यासारख्या लागतात. चार सेट, प्रत्येक वेळी आधीपेक्षा पातळ, अन् प्रत्येक वेळी दोष तारेच्या कंपनीला.

ही तक्रार मी दर दोन-तीन महिन्यांनी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकतो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी आकडा काय सांगतो ते

नाइन, टेन, ट्वेल्व्ह असं आपण जे बोलतो तो सेटमधल्या सगळ्यात पातळ तारेचा, म्हणजे पहिल्या तारेचा व्यास असतो, इंचाच्या हजार भागांत मोजलेला. यालाच गेज म्हणतात. दहा म्हणजे ०.०१० इंच, पाव मिलिमीटर. नऊ अन् दहामधला फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण बोटाला तो लगेच कळतो. ताण जाडीच्या वर्गाच्या हिशेबानं वाढतो: दहाचा वर्ग शंभर, नवाचा एक्क्याऐंशी, म्हणजे त्याच सुरात लावायला पहिली तार जवळपास २३ टक्के जास्त ओढावी लागते. दहावरून बारावर गेलात तर ४४ टक्के.

आता सहाही तारा मिळून बघा. साडेपंचवीस इंच तार वाजते अशा गिटारवर नेहमीच्या सुरात नऊ-बेचाळीसचा (पहिली तार नऊ, सहावी बेचाळीस) सेट साधारण ३८-३९ किलोनं ओढतो. दहा-शेहेचाळीसचा सुमारे ४७ किलोनं. अकूस्टिकचा बारा-त्रेपन्नचा सेट सुमारे ७३ किलोनं. भरलेलं घरगुती सिलिंडर तीसेक किलोचं असतं, तर अडीच सिलिंडर त्या बोटभर जाड लाकडाला रात्रंदिवस लटकलेले आहेत असं समजा. नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, याच ओढीला उलटा रेटा देण्यासाठी असते. कारखान्यात ती विशिष्ट ओझ्यासाठी बसवून दिलेली असते.

मानेवाड्याच्या पोरानं ७३ किलोंसाठी आवळलेल्या सळईसमोर ३८ किलो ठेवले. सळई जिंकली. नेक मागं वाकली, पहिले चार-पाच फ्रेट वर आले अन् तारा त्यांना घासू लागल्या. तो जितक्या पातळ तारा टाकत गेला तितकी खरखर वाढत गेली, अन् हे असंच होणार होतं. तारेच्या मालाचा त्यात काही संबंध नव्हता.

मग बोटं काहून दुखत होती?

खरा प्रश्न हाच होता अन् तो त्यानं कुणाला विचारलाच नाही. मी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला अन् म्हटलं, "आता वाजव डी कॉर्ड, मग एफ." वाजवलं. चेहरा बघण्यासारखा झाला. "सर, हे तर मऊ आहे!"

कॅपो लावल्यावर दुखणं पळालं तर दोष नटचा. नट म्हणजे नेकच्या टोकाशी असलेली हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. स्वस्त गिटारींमध्ये त्या खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नसतात. कारखान्याचं बरोबर आहे, जास्त कापली तर पट्टी वाया जाते, कमी कापली तर गिर्‍हाईक बोटं सोलतं अन् वाटतं की शिकताना असंच होतं. तपासायचं कसं? तार दुसऱ्या अन् तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा अन् पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर बघा. तिथं तार अन् फ्रेटमध्ये कागद जाईल इतकीच फट हवी. या गिटारमध्ये व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकत होतं.

म्हणजे एका तासाचं नट घासण्याचं काम होतं, त्याच्या बदल्यात चार सेट गेले. मी खाचा घासल्या, अकरा-बावन्नचा सेट टाकला, सळई जरा सैल केली. त्याबद्दल पुढं.

तुमची खरखर कुठं आहे ते आधी बघा

गेज बदलायच्या आधी दहा मिनिटं गिटारला द्या. कंपास पेटीतली अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी पुरते.

फक्त मोकळी तार झिणझिणते, कुठंही दाबली की साफ वाजते: नटची खाच जास्त खोल किंवा तारेपेक्षा रुंद झाली आहे. जाड सेटवरून पातळ सेटवर आलात की हे हमखास दिसतं, कारण ५३ च्या खाचेत ४२ ची तार खुळखुळते. पहिल्या पाच फ्रेटांत खरखर अन् पुढं साफ: नेक जास्त सरळ किंवा मागं वाकलेली, वर सांगितलं ते. बाराव्याच्या पुढंच खरखर: सॅडल (बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) खाली गेलंय किंवा नेक जिथं बॉडीला मिळते तिथं उंचवटा आलाय, अन् हे घरी हात लावण्यासारखं नाही. एकाच फ्रेटवर, एकाच जागी खरखर: तो फ्रेट उचललेला किंवा झिजलेला, तारा दहा वेळा बदला, तो तिथंच राहील.

नेकचा वाक बघायला सहावी तार पहिल्या फ्रेटवर दाबा, त्याच वेळी दुसऱ्या हातानं जिथं नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा. आता तारच सरळ पट्टी झाली. सातव्या फ्रेटपाशी तार अन् फ्रेटमध्ये साधारण पाव मिलिमीटर, जाड पोस्टकार्ड जाईल इतकी फट असावी. फट नाहीच, तार फ्रेटवर टेकलीय, तर नेक मागं. त्यातून दोन पोस्टकार्ड जातात, तर पुढं.

ट्रस रॉडची ॲलन की घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवली की सळई आवळते अन् नेक मागं जाते, उलट फिरवली की सैल होते अन् नेक पुढं येते. एका वेळी पाव आटा, त्याहून जास्त नाही. मग सूर लावायचे, रात्रभर ठेवायची, दुसऱ्या दिवशी परत बघायचं. लाकूड लगेच ऐकत नाही. चावी घट्ट लागली तर थांबा, जोर लावू नका. तुटलेला ट्रस रॉड म्हणजे नवीन नेक, अन् स्वस्त गिटारमध्ये नवीन नेक म्हणजे नवीन गिटार.

जाड तारा टाकल्या अन् सूर लागेचना

उलटी तक्रारही असते. यात मी स्वतः तोंडावर पडलोय, त्यामुळं सांगायला हरकत नाही. नागपूरच्या महाल भागात गणपतीचा कार्यक्रम होता. माझी इलेक्ट्रिक, मागं स्प्रिंगा असलेल्या हलत्या ब्रिजची (बॉडीवर तारा जिथं अडकवतात तो तुकडा), कायम दहाच्या तारांवर असायची. कुणाचं तरी वाचून मला जाड आवाजाची हौस आली अन् आदल्या रात्री अकराचा सेट टाकला. सहावी लावली. पाचवी लावली, तर सहावी उतरली. सहावी परत चढवली, तर पाचवी-चौथी उतरल्या. रात्रीचे दोन वाजले, बायको उठून पाणी पिऊन परत झोपली, अन् मी खुंट्याच पिळत बसलो होतो. ब्रिज मागून उचलून कबुतरासारखा शेपूट वर करून बसला होता.

कारण साधं आहे. अशा ब्रिजला एका बाजूनं तारा ओढतात, दुसऱ्या बाजूनं मागच्या स्प्रिंगा. तराजूच. एका पारड्यात वजन वाढवलं अन् दुसऱ्यात नाही, तर काटा मध्ये राहील कसा? मागचं झाकण उघडून स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू थोडे थोडे आवळायचे, नाही पुरलं तर एक स्प्रिंग वाढवायची, ब्रिज परत बॉडीला समांतर येईपर्यंत. अन् अशा गिटारवर तारा एकेक करून बदलायच्या, सगळ्या एकदम काढायच्या नाहीत. त्या दिवशी मी दुसऱ्याची गिटार मागून वाजवली.

जाड तारेचा दुसरा घोटाळा नटच्या खाचेत होतो. खुंटी फिरवतोय, सूर सरकत नाही, अन् अचानक टिंग आवाज होऊन एकदम वर जातो. तार खाचेत अडकतेय. शिसपेन्सिलीचं टोक खाचेत फिरवा, ग्राफाइट वंगणाचं काम करतं. त्यानं नाही भागलं तर खाच रुंद करून घ्या.

एकच तार बेसूर

त्या पोराच्या गिटारवर हाही आजार होता. मोकळ्या तारा ट्यूनरवर (सूर तपासायच्या यंत्रावर) हिरव्या, म्हणजे सुरात, पण ई मेजर वाजवला की दात शिवशिवावेत. अकूस्टिकचं सॅडल जरा तिरकं बसवलेलं असतं, अन् पुष्कळ गिटारींत दुसऱ्या तारेखाली ते मागं कोरलेलं दिसेल. ही सगळी मोजणी गुंडाळीची तिसरी तार धरून केलेली असते. गुंडाळीच्या तारेचा गाभा बारीक असतो, त्यामुळं ती लवचीक. तिच्या जागी सोळाची गुळगुळीत तार आली की ती ताठर असल्यामुळं दाबताना सूर वर चढतो. ट्यूनर मोकळी तार बघतो, दाबलेली नाही, म्हणून तो खोटं हिरवं दाखवतो.

तपासायला बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून) वाजवा, मग तिथंच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर तार आखूड पडतेय, सॅडल मागं हवं. इलेक्ट्रिकवर स्क्रू फिरवून ते जमतं, म्हणून गेज बदललं की इंटोनेशन, म्हणजे दाबलेल्या सुराचा हा मेळ, परत लावायचं. अकूस्टिकवर सॅडल हलत नाही. तिथं उपाय एकच, अकूस्टिकवर अकूस्टिकचा सेट.

उलटं केलं तर वेगळीच गंमत. इलेक्ट्रिकवर ब्राँझच्या अकूस्टिक तारा टाकणारेही भेटलेत. पिकअपचं (तारेचा आवाज टिपणाऱ्या डबीचं) लोहचुंबक पोलाद ओळखतं, ब्राँझचं वेटोळं त्याच्या खिजगणतीत नाही. त्यामुळं वरच्या दोन गुळगुळीत तारा कडाडतात अन् खालच्या चार दबून जातात. ॲम्प्लिफायर दुरुस्तीला घेऊन निघालेल्या एका माणसाला मी दारातून परत फिरवलंय.

तार सारखी तुटते

कुठं तुटते ते बघा. दर वेळी ब्रिजपाशीच तुटत असेल तर तिथं कड उठलीय, बारीक पॉलिश पेपर गुंडाळून दोन-चार हात मारा. खुंटीपाशी तुटत असेल तर वेटोळी एकावर एक चढलीत, गुळगुळीत तारेला तीनेक वेटोळी पुरतात. मधेच तुटत असेल तर गंजलीय.

मे आणि जुलै

आता खरं दुखणं. बाहेरच्या लोकांनी लिहिलेलं वाचून नागपुरातली गिटार सुधारत नाही, कारण त्यांच्याकडं आपला उन्हाळा नाही. २०१३ च्या २३ मे रोजी इथं ४७.९ अंश झाले होते. त्या दिवसांत दुपारची आर्द्रता वीसच्या घरात येते. गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के मानवते. कोरड्या हवेत समोरची फळी आकसते अन् खाली बसते, तारा फ्रेटांच्या जवळ येतात, खरखर सुरू. फ्रेटांची टोकं नेकच्या बाजूनं हाताला टोचायला लागतात, कारण लाकूड आकसतं, धातू नाही. जूनच्या शेवटी पाऊस लागला की दोन-तीन आठवड्यांत तीच फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात अन् लोक म्हणतात ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) वाढली, पातळ तारा टाकतो. मे मध्ये जाड तारा टाकायच्या, जुलैमध्ये पातळ, दिवाळीत परत जाड. हा फेरा वर्षानुवर्षं चालवणारे मला ठाऊक आहेत.

त्यात आपला कूलर. रात्री खोलीत कूलर सुरू, खिडकी अर्धी उघडी, वाळ्याचा वास, अन् गिटार कूलरच्या तोंडासमोर भिंतीला टेकलेली. रात्रभर ओली हवा, सकाळी कूलर बंद केला की दिवसभर कोरडी भट्टी. चोवीस तासांत पावसाळा अन् उन्हाळा दोन्ही. गुळगुळीत तारांवर आठवड्यात काळे ठिपके येतात ते याच्यामुळं, वरून हाताचा घाम. गिटार कूलरच्या समोरच्या भिंतीवर नको, बाजूच्या भिंतीला, अन् शक्य असेल तर केसमध्ये. केसमध्ये छिद्रं पाडलेल्या साबणदाणीत ओला स्पंज, पिळून, टपकणार नाही असा. तो फक्त कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या. अन् उन्हात उभ्या कारमध्ये गिटार ठेवायची नाही, सरस मऊ पडून ब्रिज सुटतो. ॲक्टिव्हावर दुपारी दोनला मानेवाड्याहून आणायचीही नाही, हे मी त्या पोराला सांगितलं.

आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर केसमध्ये टाकून ठेवा. पण आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. २०२४ च्या मे अखेरीस आपल्याच शहरात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली अन् शेवटी सेन्सरचा दोष निघाला. तिथं असं, तर तुमचा-माझा हायग्रोमीटर काय! बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखल होईल इतकंच पाणी घाला, झाकण अन् हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवा. ७५ दाखवायला हवं. ७० दाखवत असेल तर तुमचं यंत्र पाचनं कमी दाखवतं, तेवढे मनात धरा.

म्हणून माझा नियम: एप्रिल-मे अन् जुलै-ऑगस्ट या महिन्यांत खरखर किंवा उंची जाणवली तर आधी हवा सांभाळा, मग सळई पाव आटा, अन् गेजला हात शेवटी.

कोणत्या गिटारला काय

अकूस्टिक, मोठ्या बॉडीची ड्रेडनॉट असेल तर बारा-त्रेपन्न हा तिचा जन्माचा सेट, आवाज भरतो तो त्यावरच. नवशिक्यांना मी अकरा-बावन्न सांगतो, नट नीट करून. दहा-सत्तेचाळीसवर जोरात स्ट्रमिंग केलं तर तारा फडफडतात, पण बोटांनी हळू वाजवणाऱ्याला किंवा लहान बॉडीच्या गिटारला तो छान. तेरा-छप्पन्नच्या नादी इथल्या हवेत लागू नका. आवाज मोठा येतो हे खरं, पण जुलैत फुगलेल्या फळीवर आणखी दहा किलो कशाला? बारा तारांच्या गिटारला दहाचाच सेट.

ब्राँझमध्ये दोन जाती दिसतील. ८०/२० मध्ये तांबं अन् जस्त, नवी असताना चकचकीत आवाज, लवकर बसतो. फॉस्फर ब्राँझमध्ये तांबं अन् कथील, वर नावापुरता फॉस्फरस, आवाज जरा गोल, टिकतोही जास्त. आपल्या घामाला दुसरीच बरी.

इलेक्ट्रिकसाठी आधी वाजणाऱ्या तारेची लांबी मोजा. शिंप्याच्या टेपनं नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा अन् दुप्पट करा. फेंडरच्या घाटाची गिटार साडेपंचवीस इंच भरते, गिब्सनच्या घाटाची साधारण पावणेपंचवीस. पाऊण इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ताण लांबीच्याही वर्गाच्या हिशेबानं जातो, तेव्हा आखूड लांबीवर तोच सेट पाच-सहा टक्के सैल लागतो. म्हणून साडेपंचविसावर नऊ अन् पावणेपंचविसावर दहा हाताला जवळचे वाटतात. गंमत म्हणजे पातळ तारांचा हा जमाना फार जुना नाही. १९५० च्या दशकात सेटमधली तिसरी तार गुंडाळीची अन् इतकी जाड असायची की शिकणारी पोरं तिला वाकवूच शकत नसत. कॅलिफोर्नियात अर्नी बॉल नावाच्या दुकानदारानं हे बघून १९६० च्या दशकात पातळ सेट विकायला काढले. त्याच्या आधी हुशार लोक पहिल्या तारेच्या जागी बँजोची तार लावायचे अन् उरलेल्या एकेक घर खाली सरकवायचे.

सूर खाली लावणाऱ्यांसाठी वेगळा हिशेब. इथं सुगम संगीताची साथ करणारे पुष्कळ आहेत, अन् गायक-गायिका म्हणतात "काळी दोन", म्हणजे पेटीच्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी. मग गिटारवाला सगळ्या तारा अर्धा सूर उतरवतो म्हणजे ई कॉर्डच्या आकारात काळी दोन मिळते. ताण अकरा टक्क्यांनी जातो अन् तारा लुळ्या पडतात. एक सूर उतरवून पांढरी दोनवर आलात तर वीस टक्के जातो. तिथं दहाऐवजी अकराचा सेट लावा, एक सूर खाली अकराची पहिली तार जवळपास तितक्याच ताणावर येते जितकी दहाची मूळ सुरात असते. पण ती गिटार मग तशीच ठेवायची. आज कार्यक्रमासाठी खाली, उद्या घरी वर, असं केलं तर नेक कधीच एका जागी बसत नाही.

बेसवाल्यांनी चौतीस इंचावर पंचेचाळीस-एकशेपाच धरून चालावं, फार विचार करू नये.

क्लासिकलचं मात्र ठासून सांगतो. धरमपेठेतल्या एक काकू मुलीची गिटार घेऊन आल्या. "भाऊ, हा मागचा तुकडा काहून उचलून राहिला हो?" रुंद नेक, डोक्यात लांबट खिडक्या, ब्रिजला तारा गाठ मारून बांधायच्या, म्हणजे नायलॉनची गिटार. अन् तिच्यावर स्टीलच्या तारा. दुकानात म्हणे सांगितलं, "आवाज मोठा येईल." मी बिलाचा कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवला, अर्धा इंच आत गेला. नायलॉनचा पूर्ण सेट साधारण ३८ किलो ओढतो, त्या फळीची आतली काड्यांची बांधणी तेवढ्यासाठीच, अन् पुष्कळ क्लासिकल गिटारींत ट्रस रॉड नसतोच. वर जवळपास दुप्पट ओझं ठेवलं तर ब्रिज उचलणारच. कागद जराही आत जात असेल तर आजच तारा सैल करा.

नायलॉनवर जाडीचा आकडा बघायचा नसतो, पाकिटावर नॉर्मल, हार्ड, एक्स्ट्रा हार्ड असं ताणानुसार लिहिलेलं असतं. शिकणाऱ्यानं नॉर्मल घ्यावा. नव्या तारा आठवडाभर रोज उतरतात, नायलॉन ताणलं जातं, त्यात बिघाड काही नाही. हा आठवडा न थांबता "तारा खराब निघाल्या" म्हणून परत द्यायला जाणारे दरवर्षी असतात.

स्टीलच्या तारांवर बोटं दुखतात अन् लहान मूल आहे, तर पातळ तारांच्या शोधात फिरण्यापेक्षा त्याला सरळ नायलॉनची लहान गिटार द्या.

मानेवाड्याची गिटार

अकरा-बावन्न टाकल्यावर सातव्या फ्रेटपाशी फट जवळजवळ नव्हतीच, सळई पाव आटा सैल केली. दुसऱ्या दिवशी अजून पाव. तिसऱ्या दिवशी पोस्टकार्ड बरोबर बसलं. पहिल्या फ्रेटवरची झर्रर्र गेली. बाराव्या फ्रेटवर सहावी तार अडीच मिलिमीटर, पहिली पावणेदोन. एका बोटानं सगळ्या तारा दाबायचा एफ बारे त्यानं तीनदा वाजवून पाहिला, तिसऱ्यांदा सहाही तारा बोलल्या.

रिकाम्या पाकिटावर मी तारीख लिहिली, गेज लिहिलं, "सळई अर्धा आटा सैल" असं लिहिलं, म्हणजे पुढच्या वेळी कुणीही उघडली तरी कळेल. हे पाकीट गिटारच्या कव्हरमध्ये ठेवायचं असतं. त्याच्याकडं कव्हर नव्हतं, म्हणून ते ॲक्टिव्हाच्या डिकीत गेलं. गिटार परत चादरीत, पण संध्याकाळी सातनंतर, ऊन उतरल्यावर.